चाळिशीनंतर दमा निघालाय? आपल्या कोकणातल्यांसाठी पहिल्यापासून सगळं

२०१९ च्या जुलैतली गोष्ट. रात्री अडीच-तीनला जाग आली आणि मला वाटलं माळ्यावर उंदराचं पिल्लू चिचकारतंय, बारीक, थांबून थांबून. ह्यांना उठवणार होते तेवढ्यात खोकला आला म्हणून श्वास धरला तर आवाज बंद. सोडला की परत सुरू. म्हणजे पिल्लू माळ्यावर नव्हतंच, माझ्या छातीत होतं. मग पडवीत खांबाला टेकून बसले, बाहेर पागोळ्या धो धो, हवा आत जातेय पण बाहेर यायचं नाव नाही, आणि बसल्या बसल्या पहाट झाली. वय तेव्हा ४२. लहानपणी दमा नाही, माहेरी कुणाला नाही, सासरीही नाही.

त्यानंतर नीट निदान व्हायला दोन वर्षं गेली. आता बरं चाललंय, म्हणून वाडीत कुणाला धाप लागली की माझ्याकडे पाठवतात आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, कुडाळपासून आत एका वाडीत मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ ऑर्डरप्रमाणे करून देते. डोस तुमचा डॉक्टरच ठरवणार, पण डॉक्टरकडे काय विचारायचं, काय न्यायचं आणि कुठे फसायचं नाही ते मी सांगू शकते.

१. आधी वही घाला

पोरांची अर्धी उरलेली वही घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा. रात्री उठावं लागलं का, किती वाजता, त्या दिवशी काय काम केलं, धूर कुठला लागला, कुठली गोळी घेतली, घाटी चढताना किंवा विहिरीचं पाणी ओढताना थांबावं लागलं का. दोन ओळी पुरेत.

हे कशाला, तर दमा म्हणजे श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या आणि चिडक्या झालेल्या असतात, काहीतरी लागलं की आवळतात, चिकट कफ धरतात आणि मग परत सैल होतात. त्यामुळे त्रास सारखा नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी माणूस खणखणीत. आणि आपण डॉक्टरकडे जाणार कधी, तर सकाळी पोरांचे डबे, मग एसटी, म्हणजे अकरा-साडेअकराला. तेव्हा छातीला नळी लावली तर सगळं साफ. मला तीन वेळा "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" ऐकून परत यावं लागलं. म्हणून एक युक्ती सांगते, रात्री शिट्टी वाजायला लागली की मोबाईल छातीजवळ धरून आवाज रेकॉर्ड करा. पुढे छातीच्या डॉक्टरांनी तो आवाज ऐकला आणि तिथेच मान हलवली.

वहीमुळे माझं आणखी एक कळलं. मसाला भाजायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्रास दुप्पट, आणि वेंगुर्ल्याला बहिणीकडे चार दिवस गेले की रात्रभर गाढ झोप. मोठेपणी निघालेल्या दम्यात हे बघायलाच हवं, कामाच्या दिवशी जास्त आणि सुट्टीत कमी असं आहे का. काजूच्या कारखान्यात भट्टीजवळ काम असेल, चिऱ्याच्या खाणीवर, बेकरीत पिठात, गाड्यांना स्प्रे पेंट मारायचं, पार्लरमधली केमिकलं, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही होऊन सांगा. कामामुळे झालेला दमा जितक्या लवकर पकडला जाईल तितकं बरं, नंतर काम सोडूनही तो पूर्ण जाईलच असं नसतं.

२. प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे

थोडक्यात सांगते, पण हे सोडू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकी तपासून टीबी नाही ना ते बघा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं, लाजायचं काही कारण नाही. आडवं पडलं की गुदमरतं, पायांना सूज आहे, तर हृदयाचं बघायला हवं. बीपीच्या काही गोळ्यांनी (एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे) नुसता कोरडा खोकला सुटतो, गोळी बदलली की बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो, लोक उगाच वर्षभर कफ सिरप पितात. ज्या बायकांनी तीस-तीस वर्षं चुलीपुढे काढली आणि ज्या बाप्यांनी बिड्या ओढल्या त्यांना सीओपीडी (श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असू शकतो, त्याचे पंप, म्हणजे औषध श्वासातून ओढायचे इनहेलर, बरेचसे सारखे दिसले तरी हिशोब वेगळा. आणि फायलेरियाच्या (हत्तीरोगाच्या) जंतामुळेही रात्रीचा खोकला आणि घरघर होते, अगदी दम्यासारखी, त्यात रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी प्रचंड वाढतात आणि औषधही पूर्ण वेगळं. सीबीसी नावाच्या रक्ताच्या साध्या तपासणीत त्या दिसतात, म्हणून रिपोर्ट फेकू नका.

३. सुईच्या चक्रातून बाहेर पडा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी दोन वर्षं इथे गेली.

धाप लागली की जवळच्या दवाखान्यात जायचं, सुई घ्यायची, तीन रंगांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत, चार दिवस एकदम मस्त. पाचव्या-सहाव्या दिवशी परत शिट्टी. परत सुई. मला तो माणूस देव वाटायचा, खोटं कशाला बोलू. हात लावला की बरं. पुडीवर नाव नाही, कागदावर काही लिहिलेलं नाही, विचारलं की "ताकदीचं आहे". पुढे कळलं की असल्या वेळी बऱ्याच ठिकाणी डेरिफायलिन (नळ्या सैल करणारं) आणि डेक्सामेथासोन देतात. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड, आणि ते अंगभर जाणारं. माझा चेहरा गोल झाला, लोक म्हणायला लागले तब्येत सुधारली हो तुमची, आणि रक्तातली साखर काठावर येऊन बसली.

जोराचा झटका आला तर सुईतून किंवा गोळीतून स्टेरॉइड द्यावंच लागतं, त्याने जीव वाचतो, ते वाईट नाही. वाईट काय तर तेवढ्यावरच महिनोन्महिने काढणं. वर्षातून दोनदा जरी असा कोर्स घ्यावा लागत असेल तर तुमचा दमा ताब्यात नाही असं समजा. पुढे मागे हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, साखर, सगळं रांगेत उभं असतं.

यातली फसवणूक लक्षात घ्या. ज्या औषधाने लगेच बरं वाटतं त्याने दमा बरा होत नाही, आणि ज्याने दमा खरंच आटोक्यात येतो ते घेतल्यावर पहिल्या दिवशी काहीसुद्धा वाटत नाही. हे डोक्यात बसायला मला दोन वर्षं लागली.

४. कुठे जायचं आणि पिशवीत काय न्यायचं

फिजिशियन किंवा छातीचे डॉक्टर गाठा, आणि जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा, "स्पायरोमेट्री तुमच्याकडे होते का?" (ती फुंकायची टेस्ट, पुढे सांगते.) नाही म्हणाले तर दुसरीकडे. आपल्याकडे कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, मोठी सोय म्हणजे ओरोस. रत्नागिरीलाही आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, चिपळूणवाल्यांना डेरवण जवळ. बरेच जण घाट चढून कोल्हापूर नाहीतर गोव्याला बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठतात. बांबोळीला गोव्याबाहेरच्यांना पैसे भरावे लागतात, ते विचारून जा.

पिशवीत हे असू द्या:

- ती वही, आणि मोबाईलमधला रात्रीचा आवाज
- जुने सगळे कागद, एक्स-रे फिल्मसकट (नुसता रिपोर्ट नको)
- सीबीसी, आणि झालं असेल तर आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची तपासणी)
- चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंबसुद्धा
- आधार आणि रेशनकार्ड

डोळ्यांचे थेंब का म्हणाल तर काचबिंदूसाठी टिमोलॉल नावाचे थेंब देतात, त्याने आणि प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉलसारख्या गोळ्यांनी दमेकऱ्याच्या नळ्या आवळू शकतात. आमच्या शेजारच्या काकांचं हेच निघालं, थेंब बदलले आणि अर्धा त्रास गेला. पण आपल्या मनाने बंद नाही करायचं, हृदयासाठीची गोळी अचानक बंद केली तर ते वेगळंच संकट. अंगदुखीच्या गोळ्यांचंही सांगा. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅकने काही जणांना तासा-दोन तासांत जोराची धाप लागते, नाकात मांस वाढलेलं असेल त्यांना जास्त. असं एकदा जरी झालं असेल तर पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजना ही अ‍ॅडमिट झाल्यावरची, रोजचा पंप त्यात बसत नाही. पंपासाठी जनऔषधी केंद्रात विचारा, सरकारी ओपीडीतही बऱ्याचदा मिळतो. डॉक्टरांना सरळ सांगायचं, "दर महिन्याला एवढंच परवडेल". न सांगता पंप एक दिवसाआड ओढणारे लोक मी बघितलेत.

५. फुंकायची टेस्ट

स्पायरोमेट्री म्हणजे नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती फुटेस्तोवर श्वास भरायचा आणि एका दमात जोरात सोडायचा, आणि समोरची मुलगी ओरडत असते "अजून अजून अजून अजून". सहा-सात सेकंद. तीन वेळा तरी करावं लागतं. गरगरतं, खोकला येतो, मला तर हसूच आलं आणि पहिली फुंक वाया गेली. मग पंपाचे झोत देतात, पंधरा मिनिटं बाकावर बसवतात आणि परत फुंकायला लावतात.

रिपोर्टात बघायचं ते एफ-ई-व्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकली. पंपाआधी आणि पंपानंतर. हा आकडा १२ टक्के आणि शिवाय २०० मिली, दोन्हींनी वाढला तर नळ्या औषधाने उघडतायत, म्हणजे दम्याच्या बाजूने पुरावा. माझं १.५२ लिटर होतं ते १.९० झालं. डॉक्टरांनी कागदावर पेनाने गोल केला आणि म्हणाले, "बाई, पंचवीस टक्के. आता टेन्शन म्हणून कुणी सांगितलं तर हा कागद दाखवा." मला रडू आलं. आजार निघाला म्हणून नाही, खरं ठरले म्हणून.

दोन सापळे. टेस्टच्या आधी किती तास पंप घ्यायचा नाही ते फोनवरच विचारून घ्या, सकाळी पंप ओढून गेलात तर टेस्ट चांगली येते आणि निदान हुकतं. दुसरं, बऱ्या दिवशी टेस्ट नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं होत नाही. अशा वेळी घरी पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं) वापरायला देतात, काही शेकड्यांत येतं, प्लास्टिकची नळी आणि वर सरकणारा काटा. आमच्या घरात त्याचं नाव फुंकणी. अर्धा जन्म चुलीची फुंकणी फुंकली, आता ही. सकाळी आणि संध्याकाळी उभं राहून तीन वेळा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा वहीत. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत दोन आठवडे सरासरी १० टक्क्यांहून जास्त फरक पडत राहिला तर तोही दम्याचाच पुरावा. माझी सुरुवात सकाळी २१० आणि संध्याकाळी २८० अशी होती.

६. दोन औषधांतला फरक पाठ करा

एक असतं नळ्या लगेच सैल करणारं, साल्ब्युटामॉल, आपल्याकडे सगळे त्याला अस्थालिनच म्हणतात. पाच मिनिटांत मोकळं वाटतं, चार-सहा तास टिकतं, पण सुजेला हात लावत नाही. दुसरं असतं सूज उतरवणारं, श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, ब्युडेसोनाइड वगैरे. ते रोज घ्यायचं. बरं असताना पण घ्यायचं. लोक इथेच गळतात, आठ दिवस बरं वाटलं की पंप कपाटात आणि महिन्याने परत पडवीत खांबाला धरून.

पूर्वी हलक्या दम्याला नुसतं अस्थालिन देत. २०१९ पासून जगभरच्या दमा तज्ज्ञांची जिना म्हणून जी समिती आहे तिने स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसाला नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवायचं नाही, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच. तेव्हा दोन वर्षं नुसतं अस्थालिन ओढत असाल तर कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि हेच विचारा.

मला ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आहे. फॉर्मोटेरॉल लगेच काम करतं म्हणून तोच सकाळ-रात्री आणि तोच धाप लागली तर. वेगळं अस्थालिन लागत नाही. पण प्रत्येक जोडपंप असा जास्तीचा ओढता येत नाही. ज्यात साल्मेटेरॉल आहे तो सावकाश चढतो, झटक्यात उपयोगाचा नाही. आमच्याही पंपाला दिवसाची मर्यादा आहे, रोजचे धरून १२ झोत, आणि तिथवर जायची वेळ आली तर त्याच दिवशी दवाखाना. तुमच्या पंपावर नाव काय आहे ते वाचा, रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतो.

आता "पंपाची सवय लागते" हे. सासूबाई रोज म्हणायच्या, "पंप एकदा लागलो की सुटना नाय गो." त्यांचं चुकत नव्हतं, त्यांनी बघितलेली माणसं शेवटच्या पायरीवर आल्यावर पंपाला लागलेली आणि मग गेलेली, त्यामुळे पंप म्हणजे शेवट हे समीकरण बसलं. मी त्यांना हिशोब करून दाखवला. माझ्या पंपात दिवसाला ब्युडेसोनाइड ४०० मायक्रोग्रॅम, आणि झटक्यात स्टेरॉइडची जी गोळी (प्रेडनिसोलोन) देतात ती दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, तराजूत तशीच्या तशी घालता येत नाहीत, पण अंदाज येतो ना, शिवाय हे थेट नळीत जातं, अंगभर फारसं फिरत नाही. त्या म्हणाल्या, "मगे चष्म्यासारख्या आसा." हो, तसंच.

दम्यासाठी माँटेलुकास्टची गोळीही देतात, तिच्याबद्दल एक. काही जणांना त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते, अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा टाकलाय. घरात कुणाचं वागणं बदललं तर गोळीकडे बोट दाखवा, माणसाकडे नको.

७. हात बसवा

पंप चुकीचा ओढला तर सगळं औषध जिभेवर आणि घशात. मेडिकलवाल्याने खोका दिला, "दोन टाइम" म्हणाला, झालं. मी सहा आठवडे चुकीचा ओढला.

झोताचा पंप असेल तर: हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट, सावकाश आत ओढायला सुरुवात करतानाच दाबा, चार-पाच सेकंद सावकाश ओढत राहा, दहापर्यंत मोजेस्तोवर धरा. दुसरा झोत लगेच नाही, अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. पन्नाशीपुढच्या माणसाला दाबणं आणि ओढणं एकत्र बऱ्याचदा जमत नाही, सरळ स्पेसर घ्या, तो प्लास्टिकचा फुगा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसला तर आत औषध चिकटून बसतं.

पावडरीच्या कॅप्सूलचं रोटाहेलर असेल तर बरोबर उलटं, जोरात आणि झटक्याने ओढायचं. आणि त्यात फुंकर घालायची नाही, आत दमट हवा गेली की पावडर चिकटते. आपल्या पावसात तर कॅप्सूल डबीबाहेर काढून ठेवलीत की मऊ पडलीच, झाकण घट्ट, लागेल तेव्हाच काढा. आणि हसू नका, पण वाडीतल्या एका मावशीने महिनाभर त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या. कुणी सांगितलंच नव्हतं. बरं वाटेना म्हणून डोस वाढवायला निघालेले.

घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो आणि आवाज बसतो. मी पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवलाय, म्हणजे आठवणही राहते आणि चूळही होते.

पंपावरचा आकडा बघा. आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून हिशोब ठेवा, पाण्यात तरंगतो का ते बघणं काही खरं नाही.

८. घर, पाऊस आणि धूर

इंटरनेटवर वाचलं की ट्रिगर टाळा. कोकणात जुलैत दमटपणा कसा टाळणार, सांगा? म्हणून जमतं तेवढंच सांगते.

अंथरूण. धुळीतले किडे डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना दमट हवा आणि जुना कापूस फार आवडतो. कापसाच्या गाद्या आणि गोधड्या एप्रिल-मेमध्ये कडक उन्हात टाका, तुम्ही सोडून दुसऱ्याने झटका. उशी नवीन घ्या, चादरी आठवड्याला कढत पाण्यात. पावसात माजघरात दोरीवर कपडे वाळत टाकतो ना, ते निजायच्या खोलीत नको, त्या खोलीच्या भिंतीला बुरशीचे काळे ठिपके धरतात. ठिपके दिसले तर कोरड्या झाडूने झाडायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, आणि तुम्ही नाही.

धूर हा माझा मोठा शत्रू. स्वयंपाकाला गॅस आला तरी न्हाणीत पाणी तापवायला चुडतं आणि सोडणं (नारळाच्या झावळ्या आणि सालं) जळतातच, आणि धूर कौलातून जायच्या ऐवजी घरातच फिरतो. आम्ही ती चूल मागे पडवीबाहेर नेली, भांडण झालं पण नेली. मच्छर कॉइल बंद, मच्छरदाणी. अगरबत्ती देवाला दाखवून बाहेर तुळशीत. कपाटातल्या डांबर गोळ्या पण काढल्या. मार्च-एप्रिलमध्ये तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) सुरू झाली की मी शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवते कुठल्या दिवशी, त्या दिवशी खिडक्या लावून घरात. आंब्याच्या बागेत फवारणी असेल तिथेही वाऱ्याच्या दिशेला जायचं नाही.

गणपतीआधी माळा काढायचा, हा सगळ्यात मोठा सापळा. वर्षभराची धूळ, उंदराच्या लेंड्या, वर नवा रंग, आणि चाकरमानी यायच्या आत उरकायची घाई. दरवर्षी गणपतीच्या आधी बायका दवाखान्यात असतात त्या यामुळे. आमच्याकडे आता माळा मुलगा काढतो, रंग निदान पंधरा दिवस आधी.

खाण्याचं मात्र फार डोक्यात घेऊ नका. केळं, दही, सोलकढी, मासे, सगळं बंद करून बसलेली माणसं आहेत. एखादी वस्तू खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तर बंद करा, नाहीतर जेवा.

आणि मृगाला हैदराबादला जाऊन मासा गिळण्याबद्दल दर वर्षी कुणीतरी विचारतं. दीर गेले होते, गर्दीत तासन्‌तास उभे राहून आले आणि येताना गाडीतच धाप लागली. त्याने दमा जातो असा पुरावा नाही. जायचं तर जा, पण पंप बंद करून जाऊ नका. बिनलेबलच्या पुड्यांपासून तर चार हात लांब, असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झालेली आहेत.

९. झटका आला तर

हा कागद डॉक्टरकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांनी वाचलेला पाहिजे. फुंकणीचा तुमचा सगळ्यात चांगला आकडा धरून हिशोब करायचा. माझा ३९०. ३१२ च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, ठीक. खाली आला तर कागदावर लिहिल्याप्रमाणे औषध वाढवायचं आणि डॉक्टरांना फोन. १९५ च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी, गाडी काढायची.

आकडा बघायलाही वेळ नसेल तर हे बघा: एक वाक्य एका श्वासात बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ-नखं निळसर, माणूस गळून झोपाळल्यासारखा होतोय. छातीतली शिट्टी एकदम बंद झाली आणि माणूस सुधारलेला दिसत नाही, तर ते चांगलं लक्षण नाही, हवाच आत जात नाहीये. ऑक्सिमीटर असेल तर ९२ च्या खाली थांबायचंच नाही.

सरळ बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉल आणि स्पेसर असेल तर एका वेळी एक झोत, त्यावर चार-सहा श्वास, मग दुसरा, असे ४ ते १० झोत. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही दर वीस मिनिटांनी परत तसंच. १०८ ला आधी फोन करा, पण आपल्याकडे वाडीपर्यंत गाडी यायला पावसात किती वेळ लागेल ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून शेजारी कुणाची रिक्षा किंवा ओम्नी आहे त्याचा नंबरही त्याच कागदावर. वाफेचं म्हणाल तर, तपेल्यातल्या गरम पाण्याची वाफ या वेळी उपयोगाची नाही, भाजायची भीती. दवाखान्यात वाफ म्हणतात ती नेबुलायझरची, त्यात औषध असतं.

बरं वाटलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरू नका. मी एकदा झारापच्या तिठ्यावरून फिरले होते, रात्री दुप्पट पैसे मोजून जावं लागलं.

१०. त्यानंतरचे महिने

औषध सुरू झाल्यावर महिन्या-तीन महिन्यांत परत दाखवायचं. जाताना गेल्या चार आठवड्यांचं स्वतःला विचारा: आठवड्यातून दोनदाहून जास्त दिवसा त्रास झाला का, लगेचचा पंप दोनदाहून जास्त लागला का, रात्री एकदा तरी उठावं लागलं का, काम अडलं का. चारही "नाही" तर ताब्यात आहे. असं निदान तीन महिने टिकलं तर डॉक्टर डोस कमी करून बघतात. माझा एकदा कमी झाला, पण पावसाच्या तोंडावर नाही, दिवाळीनंतर केला.

नियमित घेऊनही ताब्यात येत नसेल तर डोस वाढवण्याआधी पंप ओढून दाखवा, नाक चोंदलेलं असेल तर नाकाचं करा, अ‍ॅसिडिटी, वजन, रात्री घोरणं सांगा. फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी असेल तर आयजीई खूप वाढतं, ते तपासतात. त्यापुढे बायोलॉजिकची इंजेक्शनं आहेत, ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, ती महाग आणि मोजक्यांनाच लागतात. फ्लूची लस दर वर्षी घ्या, मी पावसाआधी घेते. चालणं सोडू नका. दिवस राहिले तर पंप बंद करू नका, धाप बाळाला जास्त वाईट.

मे महिना माझा तयारीचा. मृगाच्या आधी डॉक्टर, दोन पंप जास्तीचे घरात, कारण जुलैत रस्ता तुटला तर मेडिकल बंद नसलं तरी आपण पोचत नाही. ऑर्डरी सोडल्या नाहीत. मिरच्या निवडणं, माप, पॅकिंग मी करते, भाजायला जाऊबाई बसतात बाहेर मांडवात आणि कुटायला थेट डंकावर. या वर्षी त्या दोन दिवसांत मी वेंगुर्ल्याला होते. परत आले, तोंडाला रुमाल बांधून पिशव्यांना लेबलं लावली, आणि रात्री फुंकले तर ३८०.